गोंदिया ते सोनेगाव, एकटीने

“विमानतळावर? आणि एकटी?” सासूबाईंच्या हातातली अंबाडीची जुडी हातातच राहिली.

खरं सांगायचं तर मीही मनातून घाबरलेच होते. पण दुसरा इलाज नव्हता. गोष्ट ऑगस्ट २०२३ ची. आमची थोरली बंगलोरहून पहिल्या बाळंतपणासाठी यायची होती. सातवा लागला होता. रेल्वेने रात्रभर आणि वर अर्धा दिवस हादरे खात येण्यापेक्षा विमानाने आलेलं बरं, असं तिच्या डॉक्टरांचं मत. जावयांना रजा नाही. हे तर दोन महिन्यांपूर्वीच हृदयाच्या शस्त्रक्रियेतून उठलेले, त्यांना जिना चढायचीही बंदी. एरवी नागपूरचं काही काम निघालं की धाकटे भाऊजी धावायचे, पण त्यांची बदली चंद्रपूरला झालेली. राहता राहिले मी.

आमच्या गोंदियालाही विमानतळ आहे, बरं का! गावापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर, बिरसीला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी ती. तिथे वैमानिक तयार करणारी संस्था आहे, त्यामुळे डोक्यावरून लहान लहान विमानं घिरट्या घालतात नि पोरं अंगणात येऊन बघत राहतात. मार्च २०२२ मध्ये तिथून पहिल्यांदा प्रवासी विमान उडालं, तेव्हा गावभर कौतुक झालं. पण ती सेवा काही महिन्यांतच थांबली. पुढे डिसेंबर २०२३ ला हैदराबाद-तिरुपतीचं विमान सुरू झालं खरं, पण आमची निकड होती ऑगस्टात! तेव्हा नागपूर, म्हणजे सोनेगावच.

सोनेगावचं नाव मी लहानपणापासून ऐकत आले. माझे वडील टपालखात्यात होते. ते सांगायचे, १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांची विमानं मध्यरात्री सोनेगावला एकत्र जमत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासी विमान बदलायचे, नि पहाटेपर्यंत सगळी आपापल्या वाटेला. अख्ख्या देशाची पत्रं रात्री नागपूरला उतरून जायची! १९७३ साली ती सेवा बंद झाली. आता त्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे, पण आमच्या पिढीच्या तोंडी सोनेगावच बसलंय.

माझ्या भीतीला एक जुनं कारण होतं. २०१७ साली हीच मुलगी नोकरीवर रुजू व्हायला पहिल्यांदा निघाली, तेव्हा आम्ही दोघं तिला सोडायला गेलो होतो. नागपूर स्टेशनवर उतरून ऑटो केला. वर्धा रोडवर आलो तर काय, रस्ता मधोमध पत्र्यांनी बंद! मेट्रोचं काम जोरात चाललेलं. छत्रपती चौकातला उड्डाणपूल मी डोळ्यांनी पाहिलेला, तोच नाहीसा झालेला. मेट्रोसाठी तो २०१६ च्या नोव्हेंबरात पाडला होता. दोन्ही बाजूंच्या चिंचोळ्या पट्टीतून बस, ट्रक, ऑटो, सायकली सगळं मुंगीच्या पावलाने सरकत होतं. चूक आमचीच. शहरात एवढं काम चाललंय हे पेपरात वाचूनही आम्ही आधीची गाडी धरली नाही. विमानतळाच्या दारात पोचलो आणि मुलगी बॅग ओढत धावतच आत गेली. काचेच्या दारातून तिची जांभळी ओढणी दिसेनाशी झाली. तिला द्यायचा चिवड्या-लाडवांचा डबा माझ्या मांडीवरच राहिला. परतीच्या गाडीत हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, “कोणाला पाहिजे यांची मेट्रो?”

तो डबा मी आठ दिवस उघडला नाही.

आता तेच खांब पुरे होऊन त्यांच्यावरून गाडी धावत होती आणि मला तिच्यातूनच जायचं होतं. माझा एक भाचा बांधकाम अभियंता आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने फोनवर मला सगळं समजावून सांगितलं. त्याला बहुधा मला धीर द्यायचा असावा, पण इंजिनीअर माणूस, धीर देतो तोही हिशेबानेच! नागपूरच्या मेट्रोचं भूमिपूजन ऑगस्ट २०१४ मध्ये झालं, प्रत्यक्ष काम २०१५ साली सुरू झालं. पहिल्या टप्प्याचा मंजूर खर्च ८,६८० कोटी रुपये, त्यातलं मोठं कर्ज जर्मनीच्या नि फ्रान्सच्या सरकारी बँकांचं. “म्हणजे नागपूरकरांनी घरावर कर्ज काढलं म्हण की,” मी म्हटलं. तो हसला.

पूल कसा बांधतात हे मात्र ऐकण्यासारखं होतं. मला वाटायचं, खाली बांबूंचा सांगाडा उभारून वर स्लॅब टाकत असतील. तर तसं नाही. रस्त्याच्या मधोमध खोल भोकं पाडून पाया भरतात, त्यावर खांब. वरचा पूल मात्र तिथे ओततच नाहीत. शहराबाहेरच्या आवारात काँक्रीटचे मोठाले पोकळ तुकडे साच्यात घालून तयार करतात, ट्रेलरवर घालून आणतात आणि एक लांबलचक लोखंडी यंत्र ते तुकडे एकेक करून वर ओढून घेतं. मग त्यांच्या आरपार पोलादी तारा ओवून ताणून घट्ट आवळतात. आपण मण्यांची पोत ओवून गाठ मारतो ना, थेट तसंच! खालून वाहतूक चालू ठेवायची तर दुसरा मार्ग नाही. वर्धा रोडवर तर एकाच खांबावर दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर मोटारींचा उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. तीन किलोमीटरहून थोडा जास्तच लांब असलेल्या ह्या दुमजली पुलाची गिनीज बुकात नोंद झाली आहे. मला २०१७ साली दिसला होता तो या विक्रमाचा पाया, नि आम्ही त्याला शिव्या देत होतो!

खापरी ते सीताबर्डी हा साडेतेरा किलोमीटरचा पहिला तुकडा, ज्यावर विमानतळाचं स्टेशन आहे, त्याचं ७ मार्च २०१९ ला उद्घाटन झालं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे महिला दिनीच, लोक बसायला लागले. पण आम्हां गोंदियाकरांना त्याचा खरा उपयोग झाला ११ डिसेंबर २०२२ पासून. त्या दिवशी पूर्वेकडची मार्गिका उघडली आणि नागपूर रेल्वे स्टेशनलाच मेट्रोचं स्टेशन मिळालं. तोवर बर्डीपर्यंत ऑटो करावाच लागे. गंमत म्हणजे त्याच दिवशी आमच्या गोंदियाला थांबणारी नागपूर-बिलासपूर वंदे भारतही सुरू झाली.

जायच्या दिवशी पहाटे उठून दशम्या केल्या, लसणाची चटणी घेतली आणि एका डब्यात चिवडा, एकात डिंकाचे लाडू. महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघाले. बाहेर रोवणी उरकत आली होती, बांध्यांत पाणी चमकत होतं. तिरोडा गेलं, वैनगंगेचा पूल गेला, तुमसर रोड, भंडारा रोड, कामठी. नागपूरला उतरल्यावर नेहमीच्या मोठ्या दाराकडे जायचं नाही, संत्रा मार्केटच्या बाजूने बाहेर पडायचं, हे भाच्याने दहादा बजावलं होतं. ते बरं झालं. सामान घेऊन जिन्याने चुकीच्या बाजूला उतरणं काय असतं, हे ज्यांचे गुडघे दुखतात त्याच जाणतात.

तिकीट काढलं, यंत्राने तपासणी झाली आणि सरकत्या जिन्यापाशी अडले. माझ्यासारख्या नऊवारी नाही तरी पाचवारीवाल्यांना सांगते, निऱ्या डाव्या हाताने चार बोटं वर धरायच्या, उजवा हात कठड्यावर, आणि पाय ठेवताना खाली नाही तर समोर बघायचं. नाहीच धीर झाला तर लिफ्ट असते. मी लिफ्टनेच गेले.

गाडीला तीन डबे, त्यातला एक बायकांचा. कॉटन मार्केट हे एकच स्टेशन मध्ये, की लगेच सीताबर्डी. तिथे गाडी बदलायची. दोन्ही मार्गिका तिथे एकमेकींना मिळतात. रंगांच्या पाट्या आहेत, नारिंगी धरायची नि खापरीच्या बाजूची गाडी पकडायची. पुढे काँग्रेसनगर, रहाटे कॉलनी, अजनी. छत्रपती चौक आला तेव्हा मी खिडकीला नाक लावून खाली पाहिलं. सहा वर्षांपूर्वी जिथे आमचा ऑटो अडकला होता, त्याच्या दोन मजले वरून मी चालले होते, आणि काय सांगू, डोळे भरून आले.

शेजारी एक बाई नातवाला घेऊन बसलेल्या. त्यांनी विचारलं, “काहून जी ताई, बरं नाही का वाटत?” मग बोलता बोलता सगळी कहाणी झाली, आणि त्या नादात विमानतळाचं स्टेशन निघून गेलं! पुढच्या स्टेशनावर ‘एअरपोर्ट’ एवढी अक्षरं दिसली नि मी घाईने उतरले. बाहेर पाहते तर शुकशुकाट. ते होतं ‘एअरपोर्ट साऊथ’. ‘एअरपोर्ट’, ‘एअरपोर्ट साऊथ’, ‘न्यू एअरपोर्ट’ अशी तीन नावं ओळीने आहेत, मैत्रिणींनो, आपल्याला हवं ते पहिलं, नुसतं ‘एअरपोर्ट’. तिथल्या सुरक्षारक्षक मुलीने मला पलीकडच्या फलाटावर नेऊन उलट गाडीत बसवलं. माझ्या मुलीच्याच वयाची. म्हणाली, “काकू, घाबरू नका, एकच स्टेशन मागं जायचंय.”

एअरपोर्ट स्टेशनवर उतरलं म्हणजे विमानतळ आला, असंही नाही हं! स्टेशन आहे वर्धा रोडवर आणि विमानतळाची इमारत तिथून किलोमीटरभराहून अधिक आत. लंडनची भुयारी गाडी १९७७ च्या डिसेंबरातच हीथ्रो विमानतळापर्यंत पोचली. दिल्लीची २०११ पासून तिसऱ्या टर्मिनलशी जाते. मुंबईची भुयारी मेट्रो तर २०२४ पासून दोन्ही टर्मिनलना थांबते. आपल्याकडे मात्र स्टेशनपर्यंत आरामात, आणि शेवटच्या टप्प्याला ऑटो शोधा. एकटा तरुण माणूस पाठीवर पिशवी टाकून चालत जाईल. पण हातात बॅग, कडेवर मूल, नाहीतर पोटात मूल असलेल्या बाईने काय करावं? नकाशा आखताना एखादी लेकुरवाळी बरोबर बसवायला हवी होती. शिवाय मेट्रो सकाळी सहा ते रात्री दहापर्यंतच. पहाटेच्या नि मध्यरात्रीच्या विमानवाल्यांना ती असून नसल्यासारखीच. त्यामुळे मी मुलीला आधीच बजावलं होतं, दोनशे रुपये जास्त पडले तरी चालतील, दुपारचंच विमान घे.

मी ऑटोने आत गेले. विमानाला अजून अवकाश होता. बाहेरच्या बाकावर बसून दशमी खाल्ली, पाणी प्याले. काचेच्या दाराकडे पाठ करून बसायचं ठरवलं होतं, पण बसवलं नाही.

ती आली ती पोटावर हात धरून, सावकाश. बरीच सुजली होती पायांवर. मला एकटीला बघून थबकली. “बाबा? काका?” “कुणी नाही, मीच.” तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसत हसत रडायलाच लागली. मी तिच्या हातात आधी डबा दिला. सहा वर्षांपूर्वीचा तोच, स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला. तिने ओळखला.

“आई, स्टेशनपर्यंत सरळ टॅक्सी करू या का?” मीही तेच मनात धरलं होतं. पण तीच मग म्हणाली, “नको, खाली सिग्नल आणि गतिरोधक. मेट्रोत हादरे कमी.” मग स्टेशनपर्यंत ऑटो, तोही ‘हळू चालव बाबा’ म्हणत म्हणत. वर लिफ्ट. गाडीत शिरलो तर दोन कॉलेजच्या मुली एकदमच उठल्या. ती बसली, लाडू काढला, एक त्या मुलींनाही दिला. मेट्रोत खायचं नसतं हे मला नंतर कळलं. तुम्ही लाडू पिशवीतच ठेवा!

बर्डीला गाडी बदलून रेल्वे स्टेशनला आलो तेव्हा आमच्या गाडीला तास-दीड तास होता. फलाटावर तिचे पाय माझ्या मांडीवर घेऊन दाबत बसले. लोक बघत होते, बघू देत.

रात्री गोंदियाला हे स्वतः स्टेशनवर आले होते. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना! लेकीला रिक्षात बसवून झाल्यावर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “बर्डीला गाडी बदलताना जिने किती चढावे लागतात?”

“लिफ्ट आहे. का हो?”

“बारशाला व्याही-विहीणबाई विमानानेच येतील ना? त्यांना आणायला मी जाईन म्हणतो.”