तेरचा मणी

गोरोबाकाकांच्या दर्शनाचा आत्याबाईंचा नवस होता, म्हणून त्यांना घेऊन तेरला गेलो. दर्शन लवकर आटोपले. उन्हे उतरेपर्यंत वेळ काढावयाचा म्हणून लामतुरे वस्तुसंग्रहालयात शिरलो. “खापरांत काय पाहायचे?” असे आत्याबाई म्हणाल्या खऱ्या, पण आल्या.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील नगर असा त्याचा निर्देश असून, येथील कापड भडोच बंदरात जाई. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे मिळाली. ते नगर तर इ. स. ७९ मध्येच ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेले! हे मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. आत्याबाई मात्र मण्यांच्या कपाटापाशी थबकल्या होत्या.

“अरे, आजोळी आले की असले मणी आम्ही पावसानंतर टेकाडावर वेचीत असू.”

“मग त्यांचे काय झाले?”

“खेळात हरवले. एक उरला, तो तुझ्या मनगटात दृष्टीसाठी बांधला होता.”

तोच मणी आज माझ्या पुतणीच्या मनगटात आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर वेचून जमविलेला संग्रह सरकारच्या स्वाधीन केला, हे मी नुकतेच आत्याबाईंना सांगितले होते.

“घरी गेल्यावर सोडून आणू,” त्या म्हणाल्या.

गेल्याच महिन्यात पोरीला ताप आला, तेव्हा भावजयीने तो दोरा नवा करून बांधला होता. तिच्याजवळ हा विषय कोणी काढावा, याचा विचार करीत मी गाडीत बसलो.