उसंत कुणाच्या जिवावर?

अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत आमच्या लहानपणी दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. केंद्र सरकारी नोकरांची वसाहत ती. एकाच जिन्यावर कस्टममधला मराठी, टपाल खात्यातला तमिळ, इन्कम टॅक्समधला पंजाबी. कुणाची भाषा कुणाला धड यायची नाही, पण कुणाच्या घरी आज काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक.

संध्याकाळ झाली की आमच्या आजीला गावची ओढ लागायची. लुगडं पिशवीत कोंबून ती दारात उभी. "मला घरी सोडा, गुरं यायची वेळ झाली." आई समजावून समजावून थकायची. मग खालच्या मजल्यावरच्या मल्याळी मावशी वर यायच्या. "चला आजी, मी पण तिकडंच निघालेय," म्हणत इमारतीला एक फेरी मारून तिला आपल्याच घरी नेऊन बसवायच्या. पुढ्यात सूप आणि मेथीची जुडी. आजी मन लावून पानं खुडायची, काड्या बाजूला काढायची. सगळं निवडून झालं की मावशी हळूच पानं-काड्या पुन्हा एकत्र करून सूप पुढे सरकवायच्या. तेवढ्यात आई भाकऱ्या उरकून घ्यायची, नाहीतर नुसतीच आडवी व्हायची. आजी गेटाबाहेर गेलीच, तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तिला ओळखून परत आणायचा.

या सगळ्याला आजार मानायची कुणाची तयारी नव्हती. "म्हातारचळ लागलाय," एवढ्यावर विषय मिटायचा. डॉक्टरही वय झालं म्हणायचे. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करणारी एआरडीएसआय ही देशव्यापी संघटना केरळात सुरू झाली तीच मुळी 1992 साली. तोवर कितीतरी घरांत बाहेरून कडी लावणं हाच उपाय होता, आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नसे.

सरकारी क्वार्टरची एक गंमत असते. माणूस रिटायर झाला की काही महिन्यांत चावी परत. ज्यांनी आमची आजी सांभाळली ते कुणी डोंबिवलीला गेले, कुणी पनवेलला, कुणी थेट आपल्या गावी. त्यांच्यावर म्हातारपण आलं तेव्हा तो जिना त्यांच्या वाट्याला उरला नव्हता.

आज याच भागात टॉवर आहेत, 2019पासून मोनोरेलचं स्टेशन आहे. आजाराचं नाव घराघरात माहीत आहे. एमआरआय होतो, गोळ्या मिळतात, वडील कुठवर गेले ते मोबाइलवर दिसतं. 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या 7.4 टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. पण सून लॅपटॉपवर मीटिंगमध्ये, सासरे सातव्यांदा विचारतायत, "जेवण झालं का माझं?", आणि ब्यूरोची बाई आज आलेली नाही. अशा वेळी दार वाजवून "मी बसते थोडा वेळ" म्हणणारं कुणी नाही. शेजारणीही नोकरीवर गेलेल्या. मुंबईत डे-केअर आहेत, पण थोडे आणि लांब. टॅक्सीने पोचवण्या-आणण्यातच मोकळे तास संपतात.

गोव्यात मात्र यावर एक साधा प्रयोग झाला. संगथ संस्थेचे डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतली 81 कुटुंबं घेतली. फार शिकलेल्या नसलेल्या स्थानिक माणसांना आठवडाभराचं प्रशिक्षण देऊन त्यांना सहा महिने निम्म्या कुटुंबांच्या घरी पाठवलं. ती माणसं आजाराची माहिती द्यायची, चिडचिड कशी हाताळायची ते सांगायची, सरकारी योजनांची वाट दाखवायची. पाठीशी मनोविकारतज्ज्ञ होताच. 2008मध्ये निष्कर्ष छापून आले, त्यात सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झालेला दिसला. मोठी इमारत नको, महागडं यंत्र नको. जवळ राहणारं, शिकवलेलं, ठरलेल्या दिवशी येणारं माणूस हवं.

जुन्या जिन्याचं खरं बळ हेच होतं. माया होती, नाही असं नाही. पण मायेपेक्षा वीस पायऱ्यांचं अंतर जास्त कामाला यायचं. ते अंतर आजही साधता येईल. वस्तीतल्या समाजमंदिराचा हॉल दुपारी रिकामा असतो, ज्येष्ठ नागरिक संघाची मंडळी ओळखीची असतात. आठवड्यातून दोन दुपारी तिथे पाच-सहा आजी-आजोबा आणि शिकवून तयार केलेल्या दोन बायका, एवढ्यावर सुरुवात होते.

फक्त एक हिशेब या वेळी चुकवू नये. मल्याळी मावशींना वेळ आहे का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. त्या घरी असायच्या, म्हणून त्या मोकळ्या, असं सगळ्यांनी धरून चाललं. आईची उसंत त्यांच्या संध्याकाळच्या वेळातून कापून घेतलेली होती. आता तसा वेळ फुकट मिळणार नाही, आणि मिळूही नये. त्या दोन बायकांचा पगार सोसायटीच्या मेंटेनन्समधून निघो की महापालिकेच्या बजेटमधून, पण तो आधी ठरावा. हॉलला रंग मग लावू.