शिरेत वाढणारी गाठ

गर्भाशयाच्या फायब्रॉइडच्या गाठी घरोघरी माहीत असतात. त्याच जातीची साधी, कर्करोग नसलेली गाठ फार क्वचित शिरेच्या आत वाढू लागते. या विकाराला इंट्राव्हेनस लिओमायोमॅटोसिस म्हणतात. बर्च-हिर्शफेल्ड यांनी 1896 मध्ये त्याचे वर्णन केले. गाठ हृदयापर्यंत पोचल्याची नोंद 1907 मध्ये ड्यूर्क यांनी केली. ओटीपोटातल्या शिरांतून ती खालच्या महाशिरेत आणि तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्यात चढते. कधी अंडाशयाची शीरही तिची वाट होते. पेशी निरुपद्रवी असल्या तरी झडपेच्या तोंडाशी गाठ अडकली, की रोगी चक्कर येऊन कोसळते. जीवही जाऊ शकतो.

हृदयाच्या सोनोग्राफीत, म्हणजे इकोमध्ये, ती रक्ताची गुठळी किंवा मिक्सोमा ही हृदयातली गाठ वाटते. रक्त पातळ करणारी औषधे मग उगाच चालू राहतात. चाळिशीच्या आसपासची स्त्री, फायब्रॉइडसाठी पूर्वी झालेले ऑपरेशन आणि महाशिरेतून वर आलेली गाठ, एवढे जुळले तरी हिची शंका यायला हवी. छाती उघडण्याआधी पोटाचा सीटी किंवा एमआरआय हवाच.

महाशिरेत ही गाठ बहुधा सुटी असते. मूत्रपिंडाच्या कर्करोगाची गाठ शिरेच्या भिंतीत घुसू शकते. हिचा पृष्ठभाग मात्र गुळगुळीत असतो आणि ती मुळाशीच काय ती बांधलेली असते. म्हणून काही रोग्यांत पोटातून महाशीर उघडून, अन्ननलिकेतल्या इकोवर नजर ठेवत, गाठ हलक्या हाताने खाली ओढून घेता येते. ती अडली तर जोर करायचा नाही, कारण तुटलेला तुकडा फुप्फुसाच्या धमनीत जाईल. हृदयातला भाग मोठा किंवा चिकटलेला असेल, तर छाती उघडून हार्ट-लंग मशीन लावतात. कधी शरीर 18 ते 20 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून रक्ताभिसरण काही मिनिटे थांबवावे लागते.

हृदयाचा टप्पा डोळे दिपवतो, पण खरी कसोटी ओटीपोटात आहे. गर्भाशय, दोन्ही अंडाशये आणि गाठ शिरलेल्या शिरा काढताना तिथले शिरांचे जाळे भराभर रक्त सोडते. रोगी अशक्त असेल तर छाती आणि पोट अशी दोन ऑपरेशने काही आठवड्यांच्या अंतराने करणेच शहाणपणाचे. मात्र दुसरे टळता कामा नये. मूळ राहिले तर गाठ पुन्हा वाढते. ती अंडाशयांतून येणाऱ्या इस्ट्रोजेन संप्रेरकावर पोसली जाते, म्हणून अंडाशये काढतात. त्याने रजोनिवृत्ती एकदम येते, आणि हे रोग्याशी आधी नीट बोलायलाच हवे. काही अंश मागे राहिला तर इस्ट्रोजेन कमी करणारी औषधे देतात. गाठ पूर्ण निघाली तरी स्कॅन करून वर्षानुवर्षे पाहणी चालू ठेवावी लागते.