चौदा मशीनं आणि एक डबा

मागच्या महिन्यात माझ्या जुन्या शाळेतनं फोन आला. आम्हाला गणित शिकवणारे सर आता तिथं मुख्याध्यापक आहेत. म्हणाले, "अरे, लॅबमधली चौदा मशीनं निर्लेखित करायची आहेत. येऊन बघून जा, आणि नव्यांचं कोटेशन दे."

कोल्हापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. खोटं कशाला बोलू, चौदा नवी मशीनं म्हणजे माझी दिवाळीच. पण जाऊन बघितलं तर अकरा मशीनं व्यवस्थित चालू होत होती. बोर्ड ठणठणीत, स्क्रीन चांगले. मेल्या होत्या त्या फक्त हार्ड डिस्क. मेमरी मात्र प्रत्येकी १ जीबी, म्हणजे आजची विंडोज विसराच. तेवढ्यात सातवीतली एक पोरगी दारातनं म्हणाली, "काका, आज चालू होणार काय?" कोटेशन खिशातच राहिलं.

हार्ड डिस्क नसली तरी कॉम्प्युटर नेटवर्कवरनं चालू होतो. यात जादू काही नाही. मशीनचं नेटवर्क कार्ड चालू झाल्या झाल्या हाक मारतं, "माझा पत्ता काय, आणि मी कुठली फाईल उचलू?" सर्व्हर उत्तर देतो, लिनक्सचा गाभा पाठवतो आणि पुढचं सगळं वायरीतनं वाढत राहतो. या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. शाळांत सोयीचा पडणारा एलटीएसपी नावाचा मुक्त प्रकल्प अमेरिकेत जिम मॅकक्विलन यांनी १९९९ साली सुरू केला, आणि तो आजही चालू आहे.

सरांना म्हटलं, दोन दिवस द्या. लागला आठवडा.

पहिला घोळ माझाच. शाळेच्या इंटरनेटचा राउटरही पत्ते वाटत होता आणि माझा सर्व्हरही. एका हाकेला दोघं ओ देणार, मग मशीन कधी चालू, कधी नुसतं बसून. शेवटी पत्ते वाटायचं काम राउटरकडंच ठेवलं आणि सर्व्हरला फक्त 'फाईल इथं आहे' एवढंच सांगायला लावलं.

दुसरा घोळ मेमरीचा. मशीनं सुरू झाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि ब्राउझर उघडल्यावर पाच मिनिटांत एकेक गोठायला लागलं. कारण साधं आहे. या पद्धतीत डिस्क सर्व्हरची असली तरी प्रोग्रॅम पोराच्या मशीनवरच चालतो, आणि डिस्क नसल्यामुळं तात्पुरतं लिहिलेलंही मेमरीतच साठतं. म्हणजे खानावळीतनं शिधा आणून घरी शिजवल्यासारखं झालं. १ जीबीच्या चुलीवर ते शिजेना. मग एक्सटूगो बसवून स्वयंपाकच खानावळीत करायचा ठरवलं. प्रोग्रॅम चालतात सर्व्हरवर, मशीनवर दिसतं फक्त चित्र. सर्व्हर म्हणजे एक वापरलेलं मशीन, त्यात १६ जीबी मेमरी आणि नवी एसएसडी. सगळा खर्च एका नव्या कॉम्प्युटरपेक्षा कमी.

आता अकरा जागांवर मराठी टायपिंग, जिओजेब्रा, स्प्रेडशीट चालतं. व्हिडिओ मात्र अडखळतो, आणि सर्व्हर बंद पडला की अख्खी लॅब बंद. हे सरांना आधीच सांगून टाकलंय.

एक फायदा मात्र मला सरांनी सांगितला. शाळा नदीजवळची. २०१९ चा महापूर कुणी विसरलेलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. सर म्हणाले, "पोरांचं सगळं काम त्या एका डब्यात. आता पाणी वाढलं तर आधी तेवढा डबा वर न्यायचा."

हे लिहायचं कारण वेगळं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. आता शाळांत, ऑफिसांत निर्लेखनाच्या याद्या लांबत जाणार. त्यातली कितीतरी मशीनं आमच्या या अकरांपेक्षा दणकट असतील. यादीवर सही करायच्या आधी एवढंच विचारा: मशीन मेलंय, की फक्त डिस्क?

आणि दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. उद्या मी नसलो तर हे कोण सांभाळणार? केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स रुजलं ते शिक्षकांना शिकवल्यामुळं. आपल्याकडं खरेदीचं टेंडर निघतं, सांभाळणाऱ्या माणसाची तरतूद विसरली जाते. म्हणून मी नववीच्या दोन पोरांना आणि विज्ञानाच्या बाईंना सगळं शिकवलं. पायऱ्या एका वहीत मराठीत लिहिल्या. वही सर्व्हरशेजारी दोरीनं बांधलीय.

तुमच्या गल्लीतल्या शाळेतही अशी बंद लॅब असेल. एकदा कुलूप काढून बघा. वही लागली तर झेरॉक्स देतो, पैसे नकोत.