सुनेचं रक्त, मुलाचं रक्त

‘गरमी’ हा शब्द आमच्या अंबड भागात कोणी मोठ्यानं बोलत नाही, आणि बोललाच तर बाईच्या नावाला चिकटवून. डॉक्टर त्याला उपदंश किंवा सिफिलीस म्हणतात. गरोदरपणी दवाखान्यात रक्त तपासतात ते बाईचं. धडधाकट पुरुषाचं रक्त तपासायला कोण बसलंय? म्हणून रोग आधी तिच्यात सापडतो, आणि आधी सापडला म्हणजे तिनंच आणला, असा घरोघरचा न्याय!

माझ्या नात्यातल्या एका पोरीचं असंच झालं. पाचवा महिना होता. दवाखान्यातून कागद आला आणि त्याच रात्री सासूनं तिचं ताट-तांब्या वेगळा केला. “माहेरूनच घेऊन आली,” हा बोल. नवरा गप्प. मला तर सासूच्या बोलण्यापेक्षा त्याच्या गप्प बसण्याचाच जास्त राग आला. अखेर सासरा बोलला, “जोडीतल्या एका बैलाला लाळ-खुरकूत झाली, तर दुसऱ्याला आपण बघत नाही का?” दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन तो स्वतः गेला. मुलाच्याही रक्तात तेच निघालं. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही, पण सुनेचं ताट परत पंगतीत आलं.

कोणी कोणाला दिला, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. या रोगाचा व्रण बहुधा दुखत नाही, आपोआप भरतो, माणूस बरा झालो म्हणून हिंडतो आणि रोग वर्षानुवर्षं आत राहतो. ताटानं, कपड्यानं, घागरीनं तो पसरत नाही. उपचार झाला नाही तर मात्र गर्भ पडू शकतो, मूल मेलेलं जन्मू शकतं, नाहीतर रोग घेऊन येऊ शकतं.

औषध जुनंच, पेनिसिलीनचं इंजेक्शन. रोग किती दिवसांचा ते कळत नसेल तर आठवड्याला एक, अशी तीन. बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी सुरू झालं तर बाळ बहुतेक सुखरूप राहतं. नवऱ्यानं घेतलं नाही तर बायकोला पुन्हा लागण होते. दोघांचा उपचार पुरा होईपर्यंत वेगळं निजावं.

र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून असल्या विषयांवर उघड लिहीत होते. आपण अजून कुजबुजतोच आहोत.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. सुनेबरोबर मुलालाही धाडा. आईला हा रोग निघाला असेल, तर जन्मल्यावर बाळाचंही रक्त तपासून घ्यावं लागतं.