आईकडे तोंड करून

पेण, श्रावण

चि. सोनू,



रोहा तालुक्यातल्या उपकेंद्रावर तुझी नेमणूक झाल्याचं तुझ्या आईनं सांगितलं आणि मी लगेच देवापुढे साखर ठेवली. फोनवर बोललेच असते, पण काही गोष्टी कागदावर असलेल्या बऱ्या. रात्री एकटी असशील तेव्हा उघडून वाचता येतात.

आमच्या घराण्यात नर्स झालेली मी पहिली, तू दुसरी. म्हणून तुला एक रात्र सांगते. आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. कोणतं केंद्र, ते राहू दे. रात्री दोनच्या सुमारास कातकरी वाडीतली एक बाई बाळंत झाली. मुलगी झाली, जन्मल्याबरोबर खणखणीत रडली. आम्ही सगळ्या त्या लेकरात रमलो. कुणी पुसतंय, कुणी वजन करतंय, सासू दारातून डोकावतेय. मी रजिस्टर उघडून बसले. आई डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, दमली बिचारी, झोपू दे. थोड्या वेळानं ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाय, पाणी द्या वाईच." पेला घेऊन गेले तर तिचे ओठ पांढरेफटक. चादर उचलली, तर खालचं सगळं अंथरूण रक्तानं भिजलेलं. पोटावर हात ठेवला, तर गर्भाशय भिजवलेल्या कणकेसारखं मऊ.

पोट चोळत राहिले, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, जीप बोलावली आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पोचेपर्यंत पोटावरचा हात काढला नाही. ती वाचली. पण सोनू, तिला तिच्या तहानेनं वाचवलं. माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच.

तेव्हापासून मी एक नेम पाळला, तोच तुला देते. बाळ झालं की सगळ्यांची तोंडं बाळाकडे वळतात. तू आईकडे तोंड करून राहा.

पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी चार गोष्टी बघायच्या: नाडी, रक्तदाब, गर्भाशय आणि अंगावरून जाणारं रक्त. बेंबीच्या खाली हाताला गोल, कडक गोळा लागला पाहिजे. बाळ बाहेर आल्यावर पोटात दुसरं नाही ना, हे हातानं चाचपायचं आणि मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन मांडीत द्यायचं. पुस्तकात अर्धा लिटरच्या वर गेलं की रक्तस्राव म्हणतात. पण आपल्या वाड्यांवरच्या बाईच्या अंगात मुळात रक्त किती असतं? हिमोग्लोबिन सातवर असलेलीला त्याहून कमी गेलेलंही झेपत नाही. म्हणून तू लिटर मोजत बसू नकोस, तिचा चेहरा बघ. रजिस्टर तासाभरानं भरलं तरी कुणाचं काही अडत नाही.

हे आईकडे बघणं बाळंतपणाच्या खोलीत सुरू होत नाही, पहिल्या तपासणीपासून व्हायला हवं. वाडीवर "शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?" असं विचारशील तर ती जमिनीकडे बघत बसेल. तिला विचार, "शिमग्याच्या आधी की नंतर?" मग बोलायला लागेल. शिमग्याची पाळी असेल तर नऊ महिने सात दिवस धरून बाळंतपण मार्गशीर्षात येतं. आता विचार कर, मार्गशीर्षात ती कुठे असते? दिवाळी झाली की आपले कातकरी वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या कामावर निघतात, ते पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे तुझ्या रजिस्टरातली बाई ऐन वेळी परक्या गावात, झोपडीत. दसऱ्याच्या आधीच वाडीवर जाऊन बस, कोण कुठे जाणार ते लिहून घे, माता-बाल कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दे आणि पिशवी ट्रंकेत ठेवू नको म्हणून सांग. तिथल्या नर्सला ते कार्डच तिची ओळख सांगणार.

लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. १८० गोळ्या वाटल्या म्हणजे पोटात गेल्या असं नाही. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून बायका त्या बंद करतात. ते आधीच सांगावं लागतं. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर चांगली.

आणि पावसाळ्याचा हिशेब वेगळा ठेव. ओढा भरला की झोळीशिवाय इलाज नसतो. चौघांच्या खांद्यावरची ती झोळी मी रस्त्यावर उभी राहून पाहिलेली आहे. बाळंतपणाची तारीख जवळ आली की बाईला रोह्यात नाहीतर रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे आणून ठेव. १०८ ची गाडी रस्त्यापर्यंतच येते. वाडी ते रस्ता हे अंतर आपल्यालाच आधी कापायचं असतं.

२०१८-२० च्या पाहणीत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७. आपल्या राज्याचा आकडा खाली आला, तो तुझ्यासारख्या हजारो मुलींच्या पायपिटीनं. त्याचा अभिमान धर. पण सरासरीत वाडी दिसत नाही, हेही ध्यानात ठेव.

कळा सुरू असताना बाईवर ओरडायचं नाही. "आता कशाला रडतेस" हे वाक्य मी पुष्कळ ऐकलं, एकदोनदा माझ्याही तोंडून गेलं, त्याची लाज आजही वाटते. तिला चालू दे, पाणी पिऊ दे, डाव्या कुशीवर झोपू दे, आई किंवा नणंद जवळ बसू दे. आपले हात साबणानं धू. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं नुसते हात धुवायला लावले आणि बाळंतरोगानं मरणाऱ्या बायकांचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. त्याचं तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. आपण ऐकूया.

बाळंतिणीचे घरी गेल्यावरचे बेचाळीस दिवस तर फारच एकटे. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशा ताई जाते, ती बाळाचं वजन करते. तू जाशील तेव्हा आजीशी भांडू नकोस. तेल लावणं, शेक, हळिवाची खीर, बाळंतशेपा या सगळ्यामागे माया आहे. फक्त शेगडीचा धूर कोंडू देऊ नको, नाळेला काही लावू देऊ नको, मध चाटवू देऊ नको, बाळाला आधी चीक मिळू दे. आणि आजीला बाहेर बसवून सुनेला हळूच विचार: डोकं दुखतंय का, डोळ्यापुढे अंधारी येते का, अंगावरून जाणाऱ्याला वास येतो का, ताप आहे का, रात्री उगाच रडू येतं का. झटका आला की बाहेरची बाधा म्हणतात, रडली की नाटकं म्हणतात. दोन्ही वेळा तिला डॉक्टर लागतो, हे घरच्यांना तूच समजावू शकतेस, कारण तू त्यांची नर्सबाई.

आमच्या गल्लीत गणपतींची आखणी चालू आहे. डोळे रेखताना कारागीर कुणाशी बोलत नाही. गौरीच्या जेवणाला सुट्टी मिळाली तर ये. नाही मिळाली तर रागावणार नाही, त्या दिवशी कुणी बाळंत होत असेल असं समजेन. तिच्या घरी गेलीस की पाळण्यात डोकवायच्या आधी तिला पेलाभर पाणी विचार.

तुझी,
मावशी