लोहचुंबक

चाळिशी उलटली की माणसाला कसला ना कसला नाद लागतो. कुणी पहाटे उठून चालू लागतो, कुणी ज्योतिष्याचा उंबरठा झिजवतो, कुणी इतकी वर्षे बिनघोर खाल्लेल्या साखरेचा हिशेब मांडत बसतो. मला जुन्या जीपचा नाद लागला. शाळामास्तराला, आणि त्यातून दोन कादंबऱ्या लिहून बसलेल्या माणसाला, हा नाद परवडत नाही असे आमच्या घरात मला वेळोवेळी ऐकवले गेले आहे. पण या नादाचे मूळ माझ्यात नाही. ते वडिलांत आहे.

आमचे गाव लोहारा तालुक्यात. शेत गावापासून तीन किलोमीटरवर, आणि वाट सगळी काळ्या मातीची. मृगाचा एक बरा पाऊस झाला की त्या वाटेवर मोटारसायकल चालत नाही, पोहते. वडील आता ऐंशीचे आहेत. त्यांचा डावा पाय १९९३ च्या भूकंपात भिंतीखाली सापडला, तो कायमचा अधू झाला. ३० सप्टेंबरची ती पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव नुकतेच झोपले होते. मी तेरा वर्षांचा होतो आणि बाहेर ओट्यावर निजलो होतो, म्हणून वाचलो. वडिलांना मातीतून काढल्यावर चिखलातून उमरग्याला नेले ते एका जीपने. ती कुणाची होती ते आम्हांला अखेरपर्यंत कळले नाही. रंग तेवढा वडिलांच्या लक्षात आहे. हिरवा.

यंदा आषाढात ते इतकेच म्हणाले, "एकदा पेरा बघून यावा म्हणतो." पुढे बोलले नाहीत. वडिलांचे हे न बोलणे फार महाग पडते.

तुळजापूरच्या बाजूला एक जीप विकाऊ असल्याचे कळले. महिंद्राची, १९९४ सालची, पाटीवर एमएच २५. कागदावर अजून उस्मानाबादच. जिल्हा अधिकृतपणे धाराशिव झाला तो २०२३ साली, आणि लोखंडाला त्याचे काही सोयरसुतक नसते. किंमत एक लाख साठ हजार. मी शिक्षकांच्या पतपेढीत कर्जाचा अर्ज टाकला आणि एकटाच जाऊन गाडी पाहून आलो. नवा हिरवा रंग उन्हात असा झळाळत होता की माझा होकार मनात तिथल्या तिथे ठरून गेला. मुखपृष्ठ आवडले की मला पुस्तक आवडते, हा दोष जुना आहे.

सौभाग्यवती म्हणाली, "जाणत्या माणसाला नेऊन दाखवा, मग सही करा." म्हणून मी लोहाऱ्याच्या मिस्त्रींना गाठले. त्यांचा नातू माझ्या वर्गात आहे. ते म्हणाले, "येतो की. पण गुरुजी, शाळंत लोहचुंबक असंल ना? तेवढं खिशात घाला."

प्रयोगशाळेच्या कपाटातून मी नालाच्या आकाराचे तांबडे चुंबक काढले आणि रजिस्टरात रीतसर सही केली. 'कारण' या रकान्यात काय लिहावे ते सुचेना. 'प्रयोग' असे लिहिले.

मालक मोठा बोलका गृहस्थ. म्हणाला, "आपली गाडी दुष्काळातली. हिला गंज कुठला? गंज बघायचा तर कोकणात जावा." मिस्त्री हसले. पाऊस पडून वाहून गेला तर तितकासा गंज चढत नाही, ते म्हणाले; ओल साचून राहिली तर चढतो. आणि आपली काळी माती एकदा चॅसीच्या सांदीकोपऱ्यात बसली की दिवाळीपर्यंत ओल सोडीत नाही. कोकणातला माणूस निदान गंज शोधतो तरी. आपण शोधतच नाही.

मग त्यांनी चुंबकाला रुमाल गुंडाळला, परक्याच्या रंगावर ओरखडा नको म्हणून. बॉनेटवर ते घट्ट चिकटले. पुढच्या मडगार्डवरही चिकटले. मागच्या चाकामागे, खालच्या कोपऱ्यात, घसरून मातीत पडले. उचलून पुन्हा लावले, पुन्हा पडले. तिथे पत्रा नव्हताच. बोटभर लांबी भरून वर रंग मारला होता. आतली चटई उचलली तर सडक्या पत्र्यावरच नवा पत्रा ठोकून जोडलेला. "सडका आधी कापून टाकायला पायजे होता," मिस्त्री म्हणाले, "आता दोघांच्या मधी पाणी बसतंय." तरी त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. पत्रा बदलता येतो. खालचे पाहू.

पोते अंथरून ते गाडीखाली शिरले. त्यांच्या मागोमाग मीही. जीपचा सारा भार दोन लांब लोखंडी दांड्यांवर असतो, हे मी त्या दिवशी उताणा पडून शिकलो. मिस्त्री छोट्या हातोडीने पुढून मागे ठोकीत चालले. ठण, ठण, ठण. आणि मागचा पाटा जिथे अडकवलेला असतो तिथे, थप.

त्यांनी चाकूने रंग खरवडला. खाली वेल्डिंगचा जोड निघाला. आळशी हाताचा जोड चिमणीच्या शिटेसारखा वरच्यावर बसलेला असतो. हा तसा नव्हता. पैशावर पैसा कलता ठेवत जावा तसा नीटस होता. फक्त दांडीवर सरळ उभा मारलेला, आणि त्याच्या कडेने केसाएवढी बारीक चीर वर चढत गेलेली. मिस्त्री बराच वेळ पडून राहिले.

"गुरुजी," ते म्हणाले, "हा जोड माझा हाय."

शेवटी हात किंचित मागे घ्यायची त्यांची खोड होती. त्या खुणेवरून ओळखला. आठ वर्षांमागे, ऊसतोडीच्या हंगामात, तेव्हाच्या मालकाने गाडी आणली होती. कारखान्यापर्यंत पोचेल एवढे करून द्या, म्हणाला. यांनी चारशे रुपये घेऊन करून दिले. "उभा जोड मारू नये हे ठावं होतं मला. जोडाच्या कडंचं लोखंड तापून कच्चं होतंय, आणि उभ्या जोडात सगळा झटका त्या एकाच रेषेवर येतो. शंकरपाळ्यासारखी तिरपी पट्टी लावायची असती, म्हंजी झटका वाटला जातोय. सवडीनं आणा, तशी लावून देतो म्हणलो. त्यानं आणली नाही. मी बी विचारलं नाही."

आम्ही बाहेर आलो. मालकाने आपण होऊन वीस हजार उतरवले, मग तीस. मिस्त्री त्याला म्हणाले, "कुणालाबी विकायच्या आधी माझ्याकडं आणा. पैसे नकोत." तो दुखावल्यासारखा म्हणाला, "आजवर कुणी खाली शिरून बघितलंच नव्हतं."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. एक लाख तीस हजार हा आकडा, तो हिरवा रंग आणि पेऱ्याचे सरत आलेले दिवस एकदम डोळ्यांपुढे आले, आणि मिस्त्रींना बाजूला घेऊन मी विचारले, "शेतापर्यंत जाईल ना? तेवढ्यापुरती चालेल?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. "जाईल की," ते म्हणाले. "कोण बसणार हाय?"

परतताना एसटीत आम्ही फारसे बोललो नाही.

वडील ओट्यावर वाट पाहत बसले होते. मी सगळे सांगितले. चुंबक पडले ते, थप आवाज आला तो. मिस्त्रींचा जोड तेवढा गाळला. ते मध्येच म्हणाले, "वरनं लिंपलेलं होतं म्हण." आमच्या जुन्या घराची भिंत हातभराहून रुंद होती. आत नुसते धोंडे आणि चिखल, वर माळवदाचे ओझे. पण आई दर दसऱ्याला ती अशी लिंपून घ्यायची की पाहुणे हात फिरवून बघत. वडील थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "रंग कसा होता?"

"हिरवा," मी म्हणालो.

परवा मिस्त्रींचा निरोप आला. नळदुर्गजवळ एक जीप आहे, रंग उडालेली, सगळा गंज उघडा दिसतो आहे, रविवारी मोकळे आहात काय? मी होकार कळवला. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारले तरी चुंबक मी अजून कपाटात ठेवलेले नाही.